बाजाराच्या दिवशी कापलेली रिळं

निपाणीच्या चंद्रप्रभा टॉकीजला दोन दरवाजे होते. रस्त्याकडचा मोठा लोखंडी दरवाजा पुरुषांचा. गल्लीच्या बाजूचा, जिथं पावसाळ्यात गटार तुंबायचं, तो बायकांचा. बायकांच्या दरवाजावर तानीबाई उभी असायची. तिकीट फाडायचं, अर्धं हातात ठेवायचं, बॅटरीच्या उजेडात बाकडं दाखवायचं, रडक्या पोराच्या आईला तेवढ्यापुरतं बाहेर काढायचं आणि चुकून आत शिरलेल्या पुरुषाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, एवढं तिचं काम. नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. छातीच्या दुखण्यानं तो लवकर गेला आणि मागे राहिली पाच वर्षांची मालू. तिला काखोटीला मारूनच तानीबाई या दरवाजावर आली होती. मालू बायकांच्या बाकड्यांवर झोपत, फुटाणे खात, फुकटात सिनेमे बघत मोठी झाली.

तानीबाईला निपाणीत ओळखत नाही अशी बाई नव्हती. पण तिचं खरं नाव झालं ते एका सिनेमामुळं, आणि त्या सिनेमाचंही खरं नाव कुणाला आठवत नाही. लोक त्याला पाखऱ्याचा सिनेमा म्हणायचे. दिवसा बँकेत कारकुनी करणारा एक गरीब माणूस, आणि संकट आलं की तोंडाला काळं फडकं नि पाठीला पडदा बांधून गच्चीवरून गच्चीवर उडणारा. जळत्या घरातून म्हाताऱ्या काढायचा, घसरलेली आगगाडी हातानं थोपवायचा. निपाणीकरांनी त्याला पाखऱ्या करून टाकलं. मालक मारुतीरावांनी तो सिनेमा बाहत्तर साली पहिल्यांदा आणला आणि मग दुसरं काही मिळालं नाही की दरवर्षी तोच आणायला लागले.

या पाखऱ्याची एक मैत्रीण होती, शोभा. मुक्या-बहिऱ्या पोरांची शाळा चालवणारी. तिसऱ्या रिळात तिची शाळा दिसायची, ती पोरांना हातवारे करून पाढे शिकवायची. पाचव्या रिळात ती बापाशी भांडून पाखऱ्याशी लग्न ठरवायची. सातव्या रिळात ती त्याला जेवायला बोलवायची, ताट वाढून बसायची, आणि तो येईपर्यंत ताट गार व्हायचं. तो आला की ती म्हणायची, तू गावाला वाचवतोस, माझ्याजवळ अर्धा तास बसशील का? तो काही बोलायच्या आत कुठंतरी भोंगा वाजायचा आणि स्वारी खिडकीतून पसार. नवव्या रिळात खलनायक तिला पाण्याच्या टाकीवरून ढकलायचा. पाखऱ्या उडत यायचा, पण घटकाभर उशिरा. मग तो तिला मांडीवर घेऊन असा हंबरडा फोडायचा की पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या पडायच्या. कारण आता पुढं सात रिळं नुसती मारामारी होती. शोभा कशासाठी मेली, तर मारामारीला जोर यावा म्हणून. शिट्ट्या मारणाऱ्यांना हे बरोबर कळत होतं.

आता मारुतीरावांचं डोकं बघा. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं यायची, गर्दी मावायची नाही. तीनऐवजी चार खेळ बसवायचे तर सिनेमा अर्ध्या तासानं आखूड व्हायला पाहिजे. ते मशीन चालवणाऱ्या रवळूला म्हणाले, "तिसरं, पाचवं, सातवं रीळ बाजूला ठेव."

रवळू सरळ माणूस. तो म्हणाला, "मालक, मग ती बाई कोण हे कळायचं न्हाय."

"बाई कोण हे बघाय कोण आलंय रं? पडली म्हंजे झालं."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी शोभा दुसऱ्या रिळात एकदा रस्ता ओलांडायची, पाखऱ्याकडं बघून हसायची, आणि पुढं दिसायची ती एकदम टाकीवरून पडताना. मधे काही नाही. पुरुषांच्या बाजूची एकसुद्धा तक्रार आली नाही. हे मी मनचं सांगत नाही, रवळूनं कितीदा तरी सांगितलेलं आहे.

बायकांच्या बाजूला मात्र चुळबुळ व्हायची. यमगर्णीची शेवंताबाई कोथिंबिरीची पाटी विकून बाजाराला येईल तेव्हा सिनेमाला बसायची. पहिल्याच वेळी ती अंधारात वळून म्हणाली, "तानाक्का, ही कोण गं मेली? आत्ता तर रस्ता वलांडत हुती."

तानीबाईनं इतर दिवशी सगळी रिळं पाहिलेली. ती बाकड्याच्या टोकाला टेकली आणि हळू आवाजात सांगायला लागली. शाळा, पोरं, बाप, गार झालेलं ताट. पडद्यावर पाखऱ्या गुंडांना बुकलत होता आणि इकडं चार-पाच रांगांतल्या बायका पडद्याकडं पाठ करून तानीबाईकडं बघत होत्या. शेवंताबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आगं बाई. पोरांची शाळा हुती व्हय तिची."

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. बाजाराचा दिवस म्हणजे शोभा पडली की तानीबाई बोलणार. रिळात होतं तेवढं सांगून भागेना, म्हणून ती पदरचं घालायला लागली. शोभाची आई लहानपणी गेलेली. शोभाला भरल्या वांग्याची आवड. शोभानं लग्नासाठी एक हिरवी पैठणी घेऊन ठेवली होती, ती पेटीतच राहिली. दूरदूरच्या बायका म्हणायच्या, सिनेमा ठीक हाय, पण तानाक्कानं सांगितल्याबिगर मजा न्हाय. तानीबाईला याचा अभिमान होता आणि का नसावा? कुणीतरी मेलं तर ते कोण होतं एवढं तरी लोकांना कळायला हवं, असं ती म्हणायची. ऐकायला किती सोपं वाटतं.

मालूला मात्र वेगळीच शंका. दहा-अकरा वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं, "आई, ती मेल्यावर शाळंतली पोरं कुठं गेली?"

सिनेमात ते कुठंच नव्हतं, कापलेल्या रिळातही नव्हतं. तानीबाई म्हणाली, "दुसरी बाई आली की शिकवायला." मालूनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

एकोणऐंशीच्या श्रावणात निपाणीला पाऊस लागून राहिला. मालू तेव्हा सोळा वर्षांची, एका वखारीत तंबाखू चाळायला जात होती. सकाळी दहाच्या सुमाराला त्या वखारीची मागची भिंत भिजून आतल्या बाजूला बसली. पोत्यांच्या थप्प्या कोसळल्या आणि बारा बायका मागच्या खोलीत अडकल्या. कल्लाप्पा तिथंच हमालीला होता. पंचविशीचा, पैलवानी अंगाचा, मजुरांच्या बाजूनं मालकांशी चार शब्द बोलायची हिंमत असलेला. पहारीनं त्यानं खिडकीचे गज उपटले आणि एकेक बाई बाहेर काढली. मालू शेवटची. तिला शुद्ध नव्हती. तिला खांद्यावर टाकून तो भर बाजारपेठेतून दवाखान्यापर्यंत धावत गेला. त्या आठवड्यात टॉकीजला नेमका पाखऱ्याच लागलेला. अख्ख्या गावानं खांद्यावरची मालू पाहिली आणि संध्याकाळपर्यंत कल्लाप्पाचं नाव पाखऱ्या पडलं.

भर बाजारातून परक्या पुरुषाच्या खांद्यावरून गेलेल्या पोरीचं आता काय करायचं, हा प्रश्न बायकांच्या दरवाजावरच सुटला. "ज्यानं उचलली त्यानंच न्यावी," असं एकीनं म्हटलं आणि सगळ्यांनी धरून ठेवलं. कल्लाप्पालाही ती आवडली असावी. मालूला तो आवडला यात शंकाच नाही. शुद्धीवर आल्या आल्या तिनं पहिलं तोंड त्याचंच पाहिलं होतं. तानीबाईचं म्हणाल तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. दरवाजावर तिकीट फाडता फाडता प्रत्येकीला सांगायची, "आमचं जावई." ऐंशीच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मंडपात कुणीतरी भाषण केलं, तेही भिंतीचंच.

पुढं भिंत काही संपेना. कल्लाप्पा मजुरांचा पुढारी झाला, अण्णा झाला. जिथं सभा तिथं कुणीतरी उठून अण्णांनी बारा बायका कशा काढल्या ते सांगायचं, आणि शेवटी, "त्यातलीच एक आज त्यांच्या घरात आहे." मग टाळ्या. मालू घरात होती हे खरंच होतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात येणारी-जाणारी वीस-तीस माणसं. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोराचा दाखला, कचेरीतला अर्ज कानडीत पाहिजे, दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत आहे, सगळे अण्णाकडं. अण्णा कुणाला नाही म्हणायचा नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त भाजणारी एक आणि नाव घेणारा दुसरा. मालू आतल्या खोलीत चुलीपुढं असायची. बाहेरच्या सोप्यात पंगत बसली की दाराआडून तिचा हात यायचा, भाकरीची चवड ठेवायचा आणि परत जायचा. माणसं वहिनी म्हणायची, पण वहिनीचं तोंड पाहिलेलं कुणी नसावं.

लग्नानंतरच्या पावणेतीन वर्षांत तानीबाई लेकीच्या घरी तीनदा गेली. घर दीड मैलावर होतं. पण दुपारी, संध्याकाळी नि रात्री खेळ, सकाळी धुणीभांडी, शिवाय मोठ्या माणसाच्या घरी सारखं काय जायचं, अशी तिची समजूत. मालूच कधी भाजीला आली की गल्लीच्या दरवाजापाशी उभी राहायची. एकदा बाजाराच्या दिवशी अशीच आली. आत शोभा पडायची वेळ झालेली, बायका तानीबाईची वाट बघत होत्या. मालू म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं हाय."

"सांग की."

"असं न्हवं. बसून सांगायचं हाय."

"आता बायका खोळंबल्यात गं. पुढच्या बाजाराला ये."

मालू पिशवी घेऊन गेली. तानीबाई आत जाऊन शोभाच्या पैठणीचं सांगायला लागली. पुढच्या बाजाराला मालू आली नाही, आणि तिला काय सांगायचं होतं हे विचारायचं तानीबाई विसरून गेली. माणूस विसरतो. पण हे विसरणं तिला पुढं जन्मभर पुरलं.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर मालूला दिवस गेल्याचं पक्कं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. तो काही हौसेखातर पडलेला नाही. सासरी बाई उठल्यापासून चुलीपुढं असते, माहेरी तिला कुणी उठू देत नाही, एवढंच त्यातलं शहाणपण. सातव्या महिन्यात तानीबाई ओटीचं सामान घेऊन लेकीला आणायला गेली. ही तिची तिसरी खेप. मालूच्या पायावर सूज होती, बोटानं दाबलं तर खळगा राहत होता. डोकं दुखतंय म्हणत होती. डोळ्यापुढं पाखरं उडतात म्हणाली.

मालूची सासू नागुबाई वाईट बाई नव्हती, पण लेकाच्या मोठेपणानं तिचे डोळे दिपलेले. ती म्हणाली, "विहीणबाई, मजुरांच्या पगारासाठी पंधरा दिसांनी रस्ता बंद करायचं ठरलंय. मानसं राबालीत आमच्या घरात. तीस-चाळीस ताटं रोजची. एकदा अण्णाचं काम पार पडलं की मग न्या. तुमचीच लेक हाय."

मालू दाराआडून आईकडं बघत होती. हळूच म्हणाली, "आई, मी येतो तुझ्यासंगं."

अशा वेळी आईनं लेकीचं बोचकं उचलायचं असतं आणि कुणाशी एक शब्द न बोलता चालायला लागायचं असतं. सगळ्या निपाणीच्या पुरुषांना शिव्या घालणाऱ्या तानीबाईला ते जमलं असतं. पण जावई म्हणजे गावाचा पाखऱ्या. त्याच्या कामात आपण आडवं यायचं? शिवाय शुक्रवारपासून पुन्हा तोच सिनेमा लागणार होता आणि मारुतीरावांनी रजा नाही म्हणून बजावलेलं. ती लेकीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "ऱ्हा गं पंधरा दीस. जावयांचं काम लई मोठं हाय. झालं की मीच येतो न्यायला."

मालू म्हणाली, "बरं." तिनं त्या दिवशी आईला वाढलं, पाया पडली. पाया पडताना तिला खाली वाकता येत नव्हतं.

रस्ता बंदच्या दिवशी सकाळी आठ वाजता नागुबाईनं शेजारणीला टॉकीजकडं पळवलं. मालूला झटके येत होते. गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि इथं थांबू नका, कोल्हापूरला न्या म्हणाले. अण्णा पहाटेच तवंदी घाटाच्या तोंडाला गेलेला, बेळगावकडची वाहनं अडवायला. गावात एक गाडी रस्त्यावर नव्हती. होती फक्त टॉकीजची जाहिरातीची जीप. बंदमुळं खेळ नव्हते, रवळू रिकामा होता. त्यानं मालकांना न विचारताच जीप काढली. मागच्या बाकावर तानीबाईनं मालूचं डोकं मांडीवर घेतलं. जीपच्या टपावर कर्णा, आणि दोन्ही बाजूंना कागदी तक्ते चिकटवलेले, त्यावर पडदा फडकावत उडणारा पाखऱ्या. ते काढायला कुणाला सुचलं नाही, वेळही नव्हता.

सौंदलग्याजवळ रस्त्यावर झाडाचे बुंधे टाकलेले. पंचवीस-तीस पोरं काठ्या घेऊन उभी. लांबून पाखऱ्या दिसला तशी ती हसायला लागली. एकजण पुढं येऊन बॉनेटवर काठी आपटत म्हणाला, "काय रं, आज बी जाहिरात? बंद हाय कळत न्हाय?"

रवळू हात जोडून म्हणाला, "दवाखान्याची गाडी हाय दादा. पोटुशी बाई हाय आत."

"जाहिरातीच्या गाडीत पोटुशी." पुन्हा हशा पिकला. "सकाळपासनं चौथी पोटुशी ही. मघाशी एका पोटुशीला मिशा हुत्या."

तानीबाई ओरडली, "आरं, ही कल्लाप्पाण्णाची बायको हाय. मी सासू हाय त्याची."

पोरं जीपभोवती जमली. आत वाकून बघितलं. त्यातल्या निम्म्याजणांनी दोन वर्षं मालूच्या हातची भाकरी खाल्लेली होती. कालसुद्धा खाल्ली होती. एकालाही ती ओळखू आली नाही. मालूचा उजवा हात बाकावरून खाली लोंबत होता, मनगटावर भाजल्याच्या खुणा असलेला. त्यांनी काही ओळखलं असतं तर तो हात ओळखला असता. पण हाताकडं कोण बघतं? एकजण म्हणाला, "वहिनी असती तर अण्णा संगं नसतं आलं? आज जो तो अण्णाचा पावणा हाय."

"इचारून या जावा अण्णाला," तानीबाई म्हणाली.

अण्णा पंधरा मैलांवर घाटात. कोण विचारणार? सव्वा तास जीप उन्हात उभी होती. शेवटी कोगनोळीकडून एक म्हातारा मजूर चालत आला. त्यानं बाईचं तोंड पाहिलं नाही, नुसती तिची सुजलेली पावलं पाहिली आणि पोरांच्या अंगावर धावून गेला. बुंधे सरकले. रवळूनं जीप जेवढी पळेल तेवढी पळवली. कागल मागं पडल्यावर मालूनं डोळे उघडले. "आई," म्हणाली. तानीबाई म्हणाली, "आलंच गं कोल्हापूर." मालूनं तोंड हलवलं, काहीतरी बोलली, पण जीपचा खुळखुळाट एवढा की तानीबाईला एक शब्द कळला नाही. तिनं कान तोंडाशी नेला तोवर बोलणं संपलेलं होतं. बाळही पोटातच राहिलं.

कल्लाप्पा संध्याकाळी आला. तो ओट्यावर कपाळ आपटून रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं, तानीबाईनं स्वतः त्याला धरलं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला कळलंच न्हाय ओ आत्ती, मला कुनी सांगितलंच न्हाय." तानीबाईला त्याचा राग आला नाही. राग यायला माणूस तिथं असावा लागतो, आणि हा कधीच तिथं नव्हता.

बाराव्यानंतरच्या रविवारी सकाळी शोकसभा ठेवली. एवढी माणसं मावायची जागा निपाणीत एकच, चंद्रप्रभा टॉकीज. मारुतीरावांनी थिएटर फुकट दिलं. पडद्यापुढं टेबल, त्यावर हार घातलेला फोटो. मालूचा एकटीचा फोटो नव्हता. लग्नाचा फोटो फोटोग्राफरकडं नेऊन नवऱ्याची बाजू कापून तेवढी मालू मोठी करून आणलेली. तिच्या खांद्यावर कुणाचातरी एक हात तसाच राहिला होता. तानीबाईला पुढच्या खुर्चीवर बसायला सांगितलं होतं. पण बायका यायला लागल्या, गल्लीकडच्या दरवाजावर रेटारेटी सुरू झाली, तशी ती सवयीनं उठून दरवाजावर जाऊन उभी राहिली. फाडायला तिकिटं नव्हती, म्हणून हात रिकामे होते.

बेळगावहून टिळकवाडीतले एक वकील आले होते. चांगले वक्ते. त्यांनी अण्णांचं बालपण सांगितलं, भिंत सांगितली, बारा बायका सांगितल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी अण्णांच्या पत्नीची गाडी रस्त्यावर अडली. अण्णांना निरोप गेला. अण्णा म्हणाले, नियम सर्वांना सारखा, माझ्या घरची गाडी म्हणून सोडायची नाही. मित्रहो, असा त्याग कोण करील?"

टॉकीज दणाणलं. एवढ्या टाळ्या त्या जागेत मारामारीच्या रिळालाही पडल्या नव्हत्या. तानीबाईनं व्यासपीठाकडं पाहिलं. तिला वाटलं, आता कल्लाप्पा उठेल, म्हणेल की असं झालं नाही, मला निरोपच आला नाही, माझ्या पोरांनी तिला ओळखलं नाही. कल्लाप्पानं मान वर केली. क्षणभर तो गोंधळल्यासारखा दिसला. टाळ्या थांबेनात. मग त्यानं मान पुन्हा खाली घातली आणि हात जोडले. दीड तासाच्या सभेत मालू हे नाव एकदाही आलं नाही. पत्नी आली, वहिनी आल्या, माउली आली.

बायकांच्या बाजूला यमगर्णीची शेवंताबाई बसली होती. मधली चार वर्षं ती निपाणीला आलीच नव्हती, आज अण्णाची सभा एवढंच ऐकून आत्ता येऊन टेकलेली. तिनं फोटोकडं बोट केलं आणि वळून, नेहमीच्या आवाजात विचारलं, "तानाक्का, ही कोण गं? हिचं काय काय झालतं आधी?"

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळल्या. त्यांच्यामागच्याही वळल्या. सवयच होती. बाई मेली की तानाक्का सांगणार.

तानीबाई बाकड्याच्या टोकाला टेकली. म्हणाली, "मालू तिचं नाव. माझी लेक."

शेवंताबाईनं तिचा हात धरला. तानीबाई सांगायला लागली. पाच वर्षांची असल्यापासून इथंच असायची. फुटाणे लई आवडायचे. शोभाच्या शाळंतली पोरं कुठं गेली म्हणून इचारायची. वखारीत जायची, भिंत पडली, जावयांनी काढली. लगीन झालं.

"मग?"

"मग सासरी गेली."

"सासरी कशी हुती? काय करायची, काय म्हणायची?"

तानीबाईनं तोंड उघडलं. सोळा वर्षांपर्यंतची लेक तिला बोटाबोटावर पाठ होती. त्यापुढं दाराआडचा एक हात आणि सुजलेले पाय. मालूला तिथं काय आवडायचं, ती रात्री कुणाशी बोलायची, नवरा कधी अर्धा तास तिच्याजवळ बसला का, बाळाचं नाव तिनं काय ठरवलेलं, गल्लीच्या दरवाजात बसून काय सांगायचं होतं, कागलच्या पुढं ती काय बोलली, यातलं एकही तिला माहीत नव्हतं. सिनेमातल्या एका खोट्या बाईसाठी तिनं भरली वांगी रचली होती, हिरवी पैठणी रचली होती. लेकीसाठी तिला खोटंसुद्धा रचता येईना. मारुतीरावांनी कापलेली रिळं दुसऱ्या दिवशी रवळू परत जोडायचा, ती डब्यात जपून ठेवलेली असायची. हे मात्र कुठल्याच डब्यात नव्हतं. पुढच्या बाजाराला ये, असं म्हणून तिनंच ते बाजूला सारलं होतं.

"मला ठावं न्हाय," ती म्हणाली.

शेवंताबाई वाट बघत राहिली. मग व्यासपीठावर घोषणा सुरू झाल्या, अण्णा उठून उभा राहिला, आणि सगळ्या बायका पुन्हा पुढं वळल्या.

पुढं काय झालं ते कुणालाही सांगता येईल. अण्णा वर्षभरात निवडून आला. पत्नीच्या त्यागाची गोष्ट दर सभेत लागायची, आणि सांगणाऱ्यागणिक त्या गोष्टीतला निरोप्या जास्तच घामाघूम होत गेला. दुसरं लग्न झालं, तीही चांगली मुलगी होती. दाराआडून हात यायचा थांबला नाही, हात बदलला.

तानीबाई दरवाजावर तशीच राहिली, सत्त्याऐंशीत मारुतीरावांनी बायकांचा दरवाजा भिंत घालून बंद करेपर्यंत. पाखऱ्याही दरवर्षी यायचा. मालूच्या पाठीमागं पहिल्यांदा आला तेव्हा रवळू खाली येऊन तिला म्हणाला, "तानाक्का, बाजार असला तरी आज सगळी रिळं लावतो. मालक काय करायचं ते करू दे."

"नको," ती म्हणाली. "काप."

त्यानं कापली. शोभा रस्ता ओलांडून हसली आणि पुढं टाकीवरून पडली. अंधारात खेड्यातली एक नवी सासुरवाशीण वळली आणि तिनं विचारलं, "मावशी, ही कोण हो?"

तानीबाई दरवाजाला टेकून उभी होती. तिथूनच म्हणाली, "हुती एक. तू फुडं मारामारी बघ."